तीनशे मिलीची रेघ

बाळ रडले, नाळ कापली, वार पडली, की लेबर रूममधला ताण एकदम सैल होतो. कोणी बाळाचे वजन करायला जाते, कोणी बाहेर नातेवाइकांना सांगायला जाते, कोणी केसपेपर पुरा करायला बसते. बाळंतिणीच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो तो नेमका याच तासात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिली रक्ताचा पुरवठा होत असतो. वार सुटल्यावर तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटतात, त्या गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले जातात म्हणून. गर्भाशयाची ही पिशवी ढिली राहिली तर त्या मिटत नाहीत. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाच्या, म्हणजे ५०० मिली किंवा जास्त रक्त जाण्याच्या, दवाखान्यात सगळे ज्याला पीपीएच म्हणतात त्याच्या, दहा घटनांपैकी साधारण सात या ढिल्या पिशवीमुळे होतात. बाकीच्यांत फाटलेला मार्ग, आत अडकलेला वारेचा तुकडा किंवा न गोठणारे रक्त हे कारण असते.

यावरची औषधे नवी नाहीत, महागही नाहीत. पिशवी आवळणारे ऑक्सिटोसिन आहे, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे, सलाइन आहे, दोन हात आहेत. तरीही बायका जातात, कारण रक्त जास्त जाते आहे हे वेळेवर कळत नाही. रक्त चादरीत मुरते, पॅडमध्ये जाते, टेबलाखालच्या बादलीत पडते, त्यात गर्भजल आणि लघवी मिसळते. मग केसपेपरवर अंदाजाने एक आकडा पडतो किंवा नुसता ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. रक्तदाबावर विसंबणे तर घातकच. तरुण, निरोगी बाळंतिणीचे शरीर रक्तवाहिन्या आवळून बराच वेळ दाब टिकवून धरते. वरचा दाब घसरेपर्यंत अनेकदा लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त गेलेले असते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भरल्या रक्ताच्या बाईला जे ५०० मिली पचतात, ते हिला पचत नाहीत.

रुग्णालयातल्या सेवेचा दर्जा कसा सुधारतो, यावर गेल्या वीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. पीपीएचवरच्या कामाइतके स्पष्ट उत्तर त्यातल्या फार थोड्या संशोधनाने दिले आहे, आणि त्या उत्तराची सुरुवात आपल्या शेजारी झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतपणांवर एक चाचणी केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी किंवा उपकेंद्रात एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकेच्या, हातून होणाऱ्या बाळंतपणात पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिल्या, तर पीपीएचचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते, असे तिने दाखवले. पण खेड्यातल्या अंधाऱ्या खोलीत रक्त मोजायचे कसे? त्यासाठी बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचा प्लास्टिकचा ड्रेप तयार झाला. त्याच्या टोकाला निमुळती झोळी आणि झोळीवर मापाच्या खुणा. त्याच सुमारास झालेल्या तुलनेत, नजरेने केलेला अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी भरला. तीन भागांतला एक भाग रक्त डोळ्यांना दिसतच नव्हते.

मग प्रत्येक लेबर रूममध्ये असा ड्रेप दिला की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. युरोपात ते करून पाहिले. १३ देशांतल्या ७८ प्रसूतिगृहांत, २५ हजारांहून अधिक बाळंतपणांत, निम्म्या ठिकाणी रक्त गोळा करणारी पिशवी वापरली आणि निम्म्या ठिकाणी नेहमीसारखा नजरेचा अंदाज ठेवला. २०१० मध्ये आलेला निकाल असा होता: गंभीर रक्तस्राव पिशवी असलेल्या ठिकाणी १.७१ टक्के, नसलेल्या ठिकाणी २.०६ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रक्त मोजले गेले, पण कितीवर काय करायचे हे ठरलेले नव्हते. पारा पाहून ताप उतरत नाही, तसेच हे.

नेमका उलटा प्रयोग उत्तर प्रदेशात झाला. तिथे काय करायचे याची यादी होती. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची २८ मुद्द्यांची तपासणी-यादी घेऊन २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांत मोठी चाचणी झाली. दीड लाखाहून अधिक माता आणि बाळांची माहिती गोळा झाली. निम्म्या केंद्रांत प्रशिक्षक आठ महिने येत राहिले, आधी वारंवार, मग हळूहळू कमी. सिस्टरांचे वागणे बदलले, यात शंका नाही. १८ आवश्यक कृतींपैकी दुसऱ्या महिन्यात सरासरी ७३ टक्के होऊ लागल्या, तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. बाराव्या महिन्यापर्यंत, म्हणजे प्रशिक्षक गेल्यावर, हा आकडा ६२ वर उतरला. आणि मातेचा मृत्यू, मातेची गंभीर गुंतागुंत किंवा बाळाचा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण? यादी असलेल्या केंद्रांत १५.१ टक्के, नसलेल्यांत १५.३ टक्के. काहीच फरक नाही. २०१७ मध्ये हा निकाल आला तेव्हा याद्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना धक्का बसला. आमच्या मते बसायला नको होता. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीची सक्ती झाली, तेव्हा १०१ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ वर आले, म्हणजे जवळजवळ तिथेच राहिले. जी यादी खूण करण्यासाठी हातात येते, तिच्यावर खुणाच होतात.

आणि मग २०२३. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालये आणि २ लाख १० हजारांहून अधिक योनिमार्गे झालेली बाळंतपणे. ‘ई-मोटिव्ह’ नावाच्या या चाचणीच्या आखणीत एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्यावा. दोन्ही गटांत ड्रेप होता. तुलनेच्या गटातल्या ड्रेपवर मापाच्या खुणा नव्हत्या. त्यात जमलेले रक्त फक्त संशोधनासाठी नंतर वजन करून मोजले जाई. नव्या पद्धतीच्या गटातल्या ड्रेपवर खुणा होत्या आणि ३०० व ५०० मिलीला इशाऱ्याच्या रेघा होत्या. रेघ ओलांडली की काय करायचे ते ठरलेले, त्यासाठी लागणारे सामान एका ट्रॉलीत किंवा पेटीत तयार, आणि प्रत्येक रुग्णालयात दर महिन्याला स्वतःचेच आकडे परत दाखवले जात. पीपीएच ओळखला जाण्याचे प्रमाण एका गटात ५१ टक्के, दुसऱ्यात ९३ टक्के. ठरलेले सगळे उपचार मिळण्याचे प्रमाण १९ टक्क्यांविरुद्ध ९१ टक्के. लिटरहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. मृत्यू इतके कमी होते की केवळ त्यांच्याबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक सगळा फरक लिटरभर रक्त जाण्याआधीच हात घातल्याचा आहे. पण रक्तक्षय असलेल्या बाईच्या बाबतीत तोच फरक जगण्याचा असतो.

युरोपात मापाची पिशवी होती, उत्तर प्रदेशात यादी आणि प्रशिक्षण होते. आफ्रिकेत माप, माप पाहून करायची कृती आणि त्या कृतीचे सामान या तिन्ही गोष्टी एका खाटेपाशी आल्या. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने यातून घ्यायचे ते हेच, आणि लगेच घ्यायला हवे. मापाचे ड्रेप आणि एकत्र उपचार या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अखेरीस केली. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी तर पाचशेची वाट पाहू नका असे म्हटले आहे: ३०० मिली आणि सोबत नाडी किंवा रक्तदाबात बिघाड, किंवा ५०० मिली, यांतले जे आधी दिसेल तिथे उपचार सुरू.

प्रत्यक्षात हे कसे करायचे? बाळ बाहेर आले आणि गर्भजल वाहून गेले की लगेच ड्रेप कमरेखाली सरकवायचा, आधी नाही. आधी सरकवला तर झोळीत गर्भजल जमते, माप फुगते, आणि दोन-तीन खोट्या इशाऱ्यांनंतर सिस्टर त्या रेघेवर विश्वास ठेवणेच सोडते. झोळी टेबलाच्या कडेवरून मोकळी लोंबायला हवी. घडी पडली तर रक्त वरच अडते. किमान एक तास तो काढायचा नाही. त्या तासात दर पंधरा मिनिटांनी झोळीतले रक्त, रक्ताची धार, पिशवीचा घट्टपणा, नाडी आणि रक्तदाब पाहायचे. एका फेरीला दोन-तीन मिनिटे लागतात. ड्रेप संपले असतील तर कोरड्या चादरीचे आणि पॅडचे वजन आधी करून भिंतीवर लिहून ठेवावे, मग भिजलेले वजन करून वजाबाकी करावी. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. अंदाजापेक्षा हे केव्हाही बरे.

पाचशेची रेघ ओलांडली, किंवा तीनशेची ओलांडली आणि नाडी किंवा दाब बिघडला, की हाक मारायची आणि पाच गोष्टी एकदमच सुरू करायच्या. पिशवी दगडासारखी कडक होईपर्यंत चोळणे. ऑक्सिटोसिन १० युनिट शिरेतून सावकाश, आणि त्यानंतर लिटरभर सलाइनमध्ये २० युनिट चार तासांत. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत. शिरेतून द्रव. मूत्राशय रिकामे करणे, वार पूर्ण आली आहे का ते पाहणे, मार्ग तपासणे. पिशवी कडक असूनही धार सुरू असेल तर जखम शोधायची. ‘एकदम’ या शब्दाला इथे महत्त्व आहे. आपल्याकडची सवय पायरीपायरीने जाण्याची: आधी चोळून पाहू, मग ऑक्सिटोसिन वाढवू, नाहीच थांबले तर डॉक्टरांना विचारून ट्रॅनेक्सा देऊ. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटे जातात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड द्यायला जितका उशीर, तितका त्याचा उपयोग घटत जातो, साधारण दर पंधरा मिनिटांना दहा टक्के. तीन तासांनंतर काहीच उरत नाही. २०१७ मध्ये वीस हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत या औषधाने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, त्यामुळे ‘उगीच कशाला’ या भीतीलाही फारसा आधार उरत नाही.

आता पेटी. पीपीएचची पेटी अनेक लेबर रूममध्ये असते. पण ती उघडून पाहावी. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आपल्याकडे सहसा ५०० मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमध्ये येते, म्हणजे एका मात्रेला दोन. अर्ध्या तासाने रक्त सुरूच असेल तर दुसरी मात्रा लागते, म्हणून पेटीत चार हव्यात. ऑक्सिटोसिन ५ युनिटच्या ॲम्प्युलमध्ये मिळत असेल तर पहिल्या मात्रेला दोन आणि सलाइनमध्ये चार, म्हणजे सहा लागतात. ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे औषध आहे. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रेमध्ये पडून राहिलेल्या ऑक्सिटोसिनची ताकद उतरते, आणि मग ‘औषध दिले तरी पिशवी आवळली नाही’ अशी नोंद होते. म्हणून ते फ्रिजमध्येच राहावे, फक्त पेटीच्या झाकणावर ठळक लिहावे की ते फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात आहे; आणि फ्रिजला कुलूप असेल तर किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरच्या गळ्यात हवी, फार्मासिस्टच्या घरी नको. शिरेत घालायचे मोठ्या मापाचे दोन कॅन्युला, सलाइनचे सेट, लघवीची नळी, लांब हातमोजे, मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या, रक्तगटासाठी नळ्या. वापरलेली पेटी त्याच पाळीत भरून सील करायची. एक सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून पाळावी: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड भुलीच्या औषधांजवळ कधीही ठेवू नये. त्याचे ॲम्प्युल बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधासारखे दिसते. चुकून ते पाठीच्या मणक्यात टोचले जाऊन जगभरात रुग्ण दगावले आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो मनुष्यबळाचा, आणि तो खरा आहे. रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच सिस्टर असेल आणि बाळ रडत नसेल, तर दर पंधरा मिनिटांची फेरी ती कशी घालणार? ड्रेप रिकाम्या जागा भरून काढत नाही. पण एकटीच असलेल्या सिस्टरला तर नजरेच्या अंदाजाची चैन मुळीच परवडत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसणारी रेघ तिच्याच जास्त उपयोगाची. सोबत आलेल्या आशाताईला किंवा आयाला रेघ दाखवून ‘इथवर आले की हाक मारा’ आणि ‘पिशवी अशी चोळा’ एवढे नक्की शिकवता येते. कमी शिकलेल्या बायकांच्या हाती योग्य माप आणि ठरलेली कृती दिली तर काय होते, हे महाराष्ट्राला आफ्रिकेने शिकवायची गरजही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची सेवा दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. उत्तर प्रदेशातल्या त्यांपैकी अनेक केंद्रांत रक्त नव्हते, सिझेरियनची सोय नव्हती. मग यादी पाळून मृत्यू कसे कमी व्हावेत? धडगाव, भामरागड, धारणी अशा दुर्गम तालुक्यांत हाच प्रश्न उभा राहतो. उपचार न मिळाल्यास गंभीर रक्तस्रावाने दोन तासांतही मृत्यू ओढवू शकतो, आणि तिथून रक्त असलेले रुग्णालय गाठायला पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून अशा ठिकाणी १०८ ला फोन पाच उपचार सुरू करतानाच जायला हवा. ते फसल्यावर केलेला फोन फार उशिराचा असतो. गाडी आली आणि रक्त थांबलेले असले, तर परत गेलेल्या गाडीचे कोणी स्पष्टीकरण मागू नये. आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्त साठवण्याचे केंद्र कागदावर मंजूर असून बंद असेल, तर कितीही ड्रेप पुरवले तरी त्या तालुक्यातला आकडा हलणार नाही. हे आरोग्यमंत्र्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

महाराष्ट्र तसे पुढे आहे. ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८ ते २० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत, तेव्हा आपल्याकडे ३३. पण या यशामुळेच पुढचे काम अवघड झाले आहे. बाईला दवाखान्यात आणणे योजनांनी, पैशांनी, गाड्यांनी साधले. दवाखान्यात आल्यावर पहिल्या तासात काय होते, त्यावर पुढचे मृत्यू टळणे अवलंबून आहे, आणि तिथे आपली सगळी यंत्रणा वर आकडे पाठवण्यासाठी बांधलेली आहे. महिन्याचा अहवाल तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा पुण्या-मुंबईला. ज्या सिस्टरने तो आकडा लिहिला, तिच्याकडे तो परत येत नाही. माता मृत्यूचे अन्वेषण होते, पण ते मृत्यू झाल्यावर. आणि त्या बैठकीत कोणाला धारेवर धरायचे हेच प्रत्येकाच्या मनात असते. १,२०० मिली रक्त जाऊन वाचलेल्या बाईच्या केसपेपरातून शिकण्यासारखे खूप असते, तो मात्र कोणी उघडत नाही.

इथे एक धोका आधीच ओळखायला हवा. रक्त खरोखर मोजू लागलो की पहिल्या महिन्यात पीपीएचचा आकडा वाढणार. अर्ध्या घटना आजवर नोंदल्याच जात नव्हत्या. एखाद्या जिल्हा अधिकाऱ्याने त्या वाढीवर नोटीस काढली, तर दुसऱ्या महिन्यात झोळीतले ५५० मिली केसपेपरवर ४५० होतील आणि अख्खी पद्धत तिथेच मरेल. म्हणून निदान पहिले वर्ष नोंदलेल्या पीपीएचच्या प्रमाणावरून कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असे लेखी परिपत्रक हवे.

पाहायचेच असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्या त्याच लेबर रूमच्या भिंतीवर हाताने काढलेल्या आलेखात असाव्यात: किती बाळंतपणांत रक्त मोजले, पीपीएच झालेल्यांपैकी कितींना पाचही उपचार पंधरा मिनिटांत सुरू झाले, आणि लिटरहून जास्त रक्त कितींचे गेले. महिन्याला आठ-दहा बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात टक्केवारी काढू नये. एका घटनेने ती दहा टक्क्यांनी हलते आणि काही सांगत नाही. तिथे लिटरहून जास्त रक्तस्रावाच्या दोन घटनांमध्ये किती बाळंतपणे झाली, ते मोजावे. पंचवीस, मग चाळीस, मग नव्वद, असे अंतर वाढत गेले तर काम बरोबर चालले आहे.

आणि तपासणीला येणाऱ्या पथकाने रजिस्टर चाळण्याआधी ड्यूटीवरच्या सिस्टरला एवढेच म्हणावे: समजा आत्ता झोळी तीनशेच्या रेघेवर आहे आणि नाडी ११० आहे. मग घड्याळ लावून पाहावे, चार ट्रॅनेक्सा, सहा ऑक्सिटोसिन आणि मोठ्या मापाचे दोन कॅन्युला तिच्या हातात यायला किती मिनिटे लागतात. ही पाहणी सकाळी अकरा वाजता करू नये. रात्री अडीच वाजता करावी, ती ड्यूटीवर एकटी असेल त्या रात्री.